पत्ता बदलला, पाटी लावायची राहिली

(युवक-युवतींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘इंटरनेटवर मराठीत लिहिताना’. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, लेखक नाही. त्यामुळे काय लिहावं, कसं लिहावं हे सांगायचा माझा अधिकार नाही. पण एकदा लिहिलेलं, लोकांना सापडणारं, उपयोगी पडणारं लिखाण एका रविवारी दुपारी कसं नाहीसं करता येतं, हे मी सांगू शकतो. कारण ते मी स्वतःच्या हातानं केलेलं आहे, आणि तेही घरच्या माणसाचं.

माझे मामू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या ओसरीवर लोक कागदपत्रं घेऊन यायला लागले. आपल्या घरांतला हा प्रश्न तुम्हाला माहीतच आहे. शाळेच्या दाखल्यावर ‘शेक’, आधारवर ‘शेख’. वडिलांचं नाव एका कागदावर महंमद, दुसऱ्यावर मोहम्मद, तिसऱ्यावर मुहम्मद. आईचं नाव लग्नाआधीचं की नंतरचं, त्याचा वेगळाच गोंधळ. मग प्रवेश अडतो, पासपोर्ट अडतो, शिष्यवृत्ती अडते. मामू शांतपणे बसून अर्ज लिहून द्यायचे. पुढे तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून २०११ मध्ये त्यांनी ब्लॉगस्पॉटवर एक ब्लॉग उघडला. कोणत्या खिडकीवर जायचं, अर्ज कोणाच्या नावे करायचा, राजपत्रात बदललेलं नाव कसं छापून आणायचं, सोबत कोणते कागद लागतात, असं सगळं साध्या मराठीत. दहा वर्षांत असे जवळपास दीडशे लेख झाले. खाली स्वतःचा फोन नंबर द्यायचे. परभणीहून, मालेगावहून, कुठून कुठून फोन यायचे. हिंदू, मुसलमान, सगळेच. दाखल्यातली चूक काही धर्म बघून होत नाही.

२०२१ मध्ये मी त्यांना म्हणालो, “मामू, हे ब्लॉगस्पॉट आता जुनं झालं. तुम्हाला स्वतःचं डोमेन घेऊन देतो, चांगली वेबसाइट करून देतो.” ते म्हणाले, “चाललंय की बेटा, कशाला उगाच?” मी ऐकलं नाही. भाचा इंजिनिअर झाला की मामाच्या नशिबी हे येतंच.

एका रविवारी मी सगळे लेख वर्डप्रेसवर नेले. सुंदर थीम, नवा फाँट, मोबाइलवर छान दिसेल अशी मांडणी. जुन्या ब्लॉगच्या साच्यात एक ओळ टाकली: इथे जो कोणी येईल त्याला नव्या साइटच्या मुखपृष्ठावर पाठवा. मामीनं बिर्याणी केली होती. ती खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला आलो.

तीन-चार महिन्यांनी मामू फोनवर सहज म्हणाले, “अरे, लोकांचे फोन यायचे बंद झालेत.” मी म्हणालो, हल्ली लोक वाचत कुठे, यूट्यूब बघतात. हे मी तपासून बोललो नव्हतो, आळसानं बोललो होतो. मग एक दिवस त्यांच्या ओसरीवर एक मुलगी आली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी नावाची दुरुस्ती हवी होती. तिनं एका एजंटाला बरेच पैसे देऊन झाले होते आणि काम अर्धवटच होतं. ती म्हणाली, “सर, माझ्या भावाच्या वेळी तुमचा लेख गूगलवर लगेच सापडला होता. या वेळी खूप शोधला, सापडलाच नाही.” त्या रात्री मी शोधून बघितलं. पहिल्या पानावर एजंटांच्या साइट, जाहिराती, एकमेकांवरून उतरवलेले लेख. मामू तिसऱ्या पानावरही नव्हते. जुना पत्ता नाही, नवा पत्ताही नाही.

लेख होता. एक अक्षरही बदललं नव्हतं. मग झालं काय?

शोधयंत्राला लेख ओळखता येतो तो पत्त्यावरून. यूआरएल म्हणजे तोच पत्ता. गूगलचा रोबो पत्त्यांवरून फिरतो, तिथलं वाचतो, त्याची नोंद ठेवतो आणि कोणी काही विचारलं की त्या नोंदींमधून क्रम लावतो. क्रम लावताना तो पुष्कळ गोष्टी बघतो. त्यातली एक जुनी आणि अजूनही कामाची गोष्ट म्हणजे दुसऱ्यांनी दिलेल्या लिंक. १९९८ च्या सुमाराला स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी जे पेजरँक मांडलं, त्याच्या मुळाशी ही साधी कल्पना होती: एका पानानं दुसऱ्याची लिंक दिली म्हणजे शिफारस केली, आणि ज्याची शिफारस मोठी माणसं करतात त्याचं वजन जास्त. मामूंच्या लेखांना दहा वर्षांत अशा शिफारशी मिळाल्या होत्या. कोणा शिक्षकाच्या ब्लॉगवर, एखाद्या महाविद्यालयाच्या पानावर, कुठल्या चर्चेत.

पण ही पुंजी मामूंच्या नावावर जमा नव्हती. ती पत्त्याच्या नावावर होती. बँकेत रक्कम खाते क्रमांकावर असते, तशी. तुम्ही नवं खातं उघडलंत म्हणून जुन्यातली रक्कम आपोआप तिकडे जात नाही. ती वळती करावी लागते. इंटरनेटवर ही रक्कम वळती करण्याचा कागद म्हणजे रीडायरेक्ट.

आता रीडायरेक्टचे प्रकार. बाजारात दुकान हलतं तेव्हा शटरवर दोन तऱ्हेच्या पाट्या दिसतात. एक: ‘आमचे दुकान कायमचे मागच्या गल्लीत गेले आहे.’ दुसरी: ‘रंगकाम चालू असल्याने काही दिवस समोरच्या गाळ्यात.’ पहिली पाटी वाचून तुम्ही डायरीतला पत्ता खोडता आणि नवा लिहिता. दुसरी वाचून समोर जाता खरे, पण डायरीतला पत्ता तसाच ठेवता. सर्व्हरच्या भाषेत पहिली पाटी म्हणजे ३०१, दुसरी ३०२. तांत्रिक फरक सोडला तर ३०८ हा ३०१ चा भाऊ आणि ३०७ हा ३०२ चा. गूगल ३०१ दिसला की नवा पत्ता खरा मानायकडे जोरात झुकतं. ३०२ दिसला तर जुनाच पत्ता धरून ठेवायकडे कल असतो. ग्राहक दोन्ही वेळा दुकानात पोहोचतो, म्हणून आपल्याला ब्राउझरमध्ये फरकच दिसत नाही. फरक दिसतो तो डायरीत, आणि डायरी गूगलच्या हातात असते.

आमच्या धंद्यात अनेक वर्षं एक समज होता की ३०१ केलं तरी वाटेत थोडी पुंजी गळते. त्या भीतीनं लोक साइट हलवायचेच नाहीत, अगदी एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर जायलाही घाबरायचे. आणि दुसरीकडे २०१४ मध्ये गूगलनं सांगितलेलं की एचटीटीपीएस असेल तर क्रमवारीत थोडासा फायदा देऊ. २०१६ मध्ये गूगलच्याच गॅरी इलियेस यांनी जाहीर केलं की तीनशेच्या घरातल्या रीडायरेक्टमुळे पेजरँक आता कमी होत नाही. म्हणजे पाटी लावल्यानं नुकसान नाही. नुकसान आहे ते पाटी न लावल्यानं किंवा चुकीची लावल्यानं.

माझी पाटी चुकीची होती. दीडशे लेखांच्या दीडशे पत्त्यांवरून येणाऱ्या प्रत्येकाला मी मुखपृष्ठावर आणून सोडत होतो. कोणी दाखला शोधत आलाय, कोणी रेशनकार्ड, कोणी जन्माची नोंद, आणि मी सगळ्यांना मंडईच्या दारात उभं करून म्हणत होतो, बघा, आत कुठेतरी असेल. माणूस वैतागून परत जातो. गूगल तर याला नावच देतं, ‘सॉफ्ट ४०४’. म्हणजे पाटी आहे, पण मागितलेली वस्तू तिथे नाही, तेव्हा पान सापडलं नाही असंच धरा. गूगलच्या साइट हलवण्याच्या मार्गदर्शनात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: जुने अनेक पत्ते एकाच असंबद्ध पानावर, उदाहरणार्थ मुखपृष्ठावर, वळवू नका. मी ते वाचलं नव्हतं. नोकरीत दुसऱ्यांच्या साइटसाठी मी अशा शंभर गोष्टी तपासतो. मामूंच्या वेळी म्हटलं, घरचंच तर आहे.

आता मराठीत लिहिणाऱ्यांचा एक खास घोळ सांगतो, कारण इंग्रजीवाल्यांना तो नसतो आणि म्हणून त्यांच्या मार्गदर्शिकांमध्ये तो सापडत नाही.

ब्लॉगस्पॉट लेखाचा पत्ता शीर्षकातल्या रोमन अक्षरांवरून बनवतं. शीर्षक देवनागरीत असेल तर त्याला काही घेताच येत नाही, म्हणून ते नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं नाव देतं. पुढचा लेख ‘ब्लॉग-पोस्ट_१२’, मग ‘ब्लॉग-पोस्ट_२३’. मामूंचे जवळपास सगळे लेख असेच. म्हणजे पत्ता बघून कोणता लेख कुठला हे कळायची सोय नाही.

वर्डप्रेसचं उलट. ते देवनागरी शीर्षक जसंच्या तसं पत्त्यात घेतं, पण आतून ते टक्क्याच्या चिन्हांनी भरलेल्या सांकेतिक रूपात साठवतं. देवनागरीची प्रत्येक खूण, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, हलन्तही वेगळा, अशी एकेक खूण तिथे ९ चिन्हं खाते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात अशा १० खुणा, म्हणजे ९० चिन्हं. आणि वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या तुकड्याला मर्यादा २०० ची. मामूंचा सर्वांत वाचला जाणारा लेख होता ‘शाळेच्या दाखल्यातील नावाची दुरुस्ती कशी करावी’. त्याचा नवा पत्ता ‘शाळेच्या-दाखल्यातील-नावा’ इथेच तुटला. ‘ची’ सुद्धा मावली नाही. आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की अर्धा पडदा टक्क्यांनी भरायचा. लोकांना वाटायचं व्हायरस आहे.

म्हणून दोन महिन्यांनी मी सगळे पत्ते रोमन अक्षरांत आखूड केले. नशीब एवढंच की वर्डप्रेस लेखाचा जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि स्वतःच ३०१ देतं. पण त्यामुळे साखळी झाली: जुना ब्लॉग, मग एचटीटीपी, मग एचटीटीपीएस, मग लांब पत्ता, मग आखूड पत्ता. गूगलचा रोबो अशा १० उड्यांपर्यंत मागे येतो, पण त्यांचा सल्ला असा की शक्यतो थेट शेवटच्या पत्त्यावर न्या, नाहीच जमलं तर ३ च्या आत ठेवा. खेड्यातल्या टू-जी नेटवर प्रत्येक उडी म्हणजे आणखी थोडं थांबणं. रोबोपेक्षा मला ती काळजी जास्त आहे.

तुम्ही विचाराल, देवनागरी पत्ता ठेवावा की रोमन? गूगलला दोन्ही चालतात. मला विचाराल तर काहीही ठेवा, आखूड ठेवा, पण पहिल्या दिवशी ठरवा आणि मग हात लावू नका. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच एक टिपण लिहून सांगितलं होतं की पत्ते आपणहून बदलत नाहीत, माणसं बदलतात. ते टिपण आजही त्याच पत्त्यावर आहे, ही मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट.

दुरुस्तीची हकिगत लांबवत नाही. मी आणि माझी मामेबहीण, आम्ही एक्सेलची एक यादी केली. एका रकान्यात जुना पत्ता, दुसऱ्यात नवा. जुने पत्ते सर्च कन्सोलमधून काढले, तिथे १६ महिन्यांची नोंद राहते. काही इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून मिळाले. प्रत्येक लेख उघडून बघावा लागला, कारण ‘ब्लॉग-पोस्ट_२३’ वरून काय कळणार? ब्लॉगस्पॉटवर आपल्याला दुसऱ्या साइटकडे जाणारा खरा ३०१ लावता येत नाही, सर्व्हर आपल्या ताब्यात नसतो. तिथली सोय फक्त त्याच ब्लॉगच्या आतल्या आत चालते. म्हणून साच्यात छोटी स्क्रिप्ट टाकली, जी प्रत्येक जुन्या लेखाला त्याच्याच नव्या पत्त्यावर नेते, आणि ‘कॅनॉनिकल’ खुणेत नवा पत्ता लिहिला, म्हणजे ‘मूळ प्रत ही समजा’ अशी सूचना. गूगल स्क्रिप्टनं केलेला रीडायरेक्ट मानतं, पण त्यासाठी त्याला आधी पान चालवून बघावं लागतं, म्हणून तो शेवटचा उपाय. ज्यांनी पूर्वी लिंक दिली होती अशा काही जणांना पत्र लिहून नवा पत्ता घालायला सांगितलं. काहींनी बदलला.

पाचेक महिन्यांनी नावदुरुस्तीचा लेख पहिल्या पानावर परत आला. वरच्या जागी नाही, खालच्या अंगाला. काही लेख कधीच परत आले नाहीत. याचं सगळं श्रेय किंवा दोष रीडायरेक्टला देणं बरोबर होणार नाही. मधल्या काळात दुसऱ्यांनीही लिहिलं होतं, मामूंचे काही लेख नियम बदलल्यामुळे जुने झाले होते. पण दहा वर्षांत मिळवलेली जागा सहा महिने रिकामी ठेवली की तिथे कोणीतरी बसतंच.

एक नुकसान मात्र असं होतं ज्याला मी जबाबदार नव्हतो आणि मला ते भरूनही काढता आलं नाही. जुने ब्लॉगवाले असाल तर आठवेल, २०१२ मध्ये ब्लॉगरनं भारतातल्या वाचकांना आपोआप ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’वरून ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’वर वळवायला सुरुवात केली. एखाद्या देशाच्या कायद्यानुसार मजकूर काढावा लागला तर तो तेवढ्याच देशापुरता काढता यावा, हा हेतू. २०१८ मध्ये हे थांबलं आणि सगळं परत ‘कॉम’वर आलं. मधल्या सहा वर्षांत लोकांनी लिंक कुठून उचलली? पत्त्याच्या पट्टीत दिसली तिथून, म्हणजे ‘इन’ची. त्या लिंक रीडायरेक्टच्या जोरावर चालत राहिल्या. २०२० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हे डोमेनच गूगलच्या हातून गेलं, दुसऱ्या कोणीतरी घेतलं. भारतातल्या हजारो ब्लॉगांकडे येणाऱ्या त्या लिंक एकदम मेल्या. मामूंची शिफारस करणाऱ्या कित्येक लिंक त्यातल्याच. तिथे मी एक्सेल घेऊन काय करणार?

एवढ्या मोठ्या कंपनीचं असं होतं, तर आपलं काय? गूगलनं स्वतःची लिंक आखूड करायची सेवाही, ‘गू डॉट जीएल’, २०१८ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. २०२४ मध्ये सांगितलं की २५ ऑगस्ट २०२५ पासून जुन्या आखूड लिंकही चालणार नाहीत. पुढे थोडं नमतं घेतलं आणि वापरात असलेल्या लिंक चालू ठेवल्या. छापील पत्रकांवर, पुस्तकांच्या मागे, क्यूआर कोडमध्ये अशा परक्या आखूड लिंक छापणाऱ्या आपल्या मंडळींना माझी विनंती आहे की पत्ता स्वतःच्या डोमेनचा छापा. लांब असला तरी तुमचा असतो.

आणि तो तुमचा राहावा म्हणून दर वर्षी पैसे भरा. माझ्या ओळखीत एक छोटं वाचनालय आहे. त्यांची वेबसाइट एका उत्साही तरुणानं केली. तो नोकरीला परगावी गेला. नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहिली आणि डोमेन गेलं. ज्यानं घेतलं त्यानं तिथे रमीची आणि सट्ट्याची साइट थाटली. वाचनालयानं वीस ठिकाणांहून मिळवलेल्या लिंक आता जुगाराची शिफारस करतात. २०२४ च्या मार्चमध्ये गूगलनं असल्या प्रकाराला, म्हणजे मुदत संपलेल्या डोमेनची जुनी पत वापरून भलताच मजकूर वर चढवण्याला, आपल्या स्पॅमच्या नियमांत घातलं. पण नियम आले म्हणून वाचनालयाला पत्ता परत मिळाला नाही. ग्रंथपालबाई अजून लोकांना फोनवर सांगतात, “ती वेबसाइट उघडू नका हं, ती आमची नाही.”

तुमच्यापैकी कोणी लगेच साइट हलवणार असेल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. हलवायच्या आधी जुन्या पत्त्यांची यादी करा, नंतर ती मिळवणं फार कष्टाचं आहे. प्रत्येक लेखाला त्याचाच नवा पत्ता द्या. ज्या लेखाचं खरोखरच काही उरलं नाही, तिथे सरळ ‘सापडत नाही’ असं ४०४ येऊ द्या, त्यात लाज नाही. आतल्या लिंकही बदला, नाहीतर आपलेच लेख एकमेकांना जुन्या पत्त्यावर पाठवत बसतात. आणि रीडायरेक्ट काढू नका. गूगल म्हणतं निदान एक वर्ष ठेवा. मी म्हणतो, सर्व्हर आहे तोवर ठेवा. कोणाच्या डायरीत, कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जुना पत्ता आहे हे आपल्याला कसं कळणार? आठ-आठ वर्षांपूर्वीचा कागद जपून ठेवणारी माणसं आपल्याकडे आहेत, मामूंच्या ओसरीवर तीच येतात.

त्या मुलीचं काम झालं. मामूंनी अर्ज लिहून दिला, राजपत्रात नाव आलं, प्रवेश मात्र पुढच्या वर्षी घ्यावा लागला. मामू मला काही बोलले नाहीत. फक्त आता डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख त्यांनी माझ्यावर सोडलेली नाही. त्यांच्या कपाटाच्या दारावर आतल्या बाजूला, वीजबिल आणि गॅसच्या नंबराशेजारी, खडूनं लिहिलेली आहे. पैसे मी भरतो, आठवण ते करतात. मार्चमध्ये फोन येईलच.

माझं एवढंच. वेळ थोडा आहे, ज्यांच्या स्वतःच्या साइट किंवा ब्लॉग आहेत त्यांनी मोबाइल बाहेर काढा, आपला जुना पत्ता टाकून बघा, आणि कुठे पोहोचताय ते मला सांगा.